पेनड्राइव्ह नेमका कोणता? लिनक्सच्या कमांड लाइनवरून जोडलेल्या डिस्क कशा ओळखायच्या

‘डीडी’ ही कमांड कधीच ‘नक्की का?’ असं विचारत नाही. जिचं नाव द्याल त्या डिस्कवर ती पहिल्या बाइटपासून लिहायला लागते. नाव पेनड्राइव्हचं असेल तर बूटेबल, म्हणजे ज्यावरून संगणक सुरू करता येतो असा, पेनड्राइव्ह तयार होतो. चुकून शेजारच्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कचं नाव पडलं, तर पहिल्या काही सेकंदांतच तिचं पार्टिशन टेबल (डिस्कच्या विभागांचा तक्ता) जातं आणि त्यामागोमाग फोटो, कागदपत्रं, हिशेब सगळंच. फॉरमॅट करणाऱ्या कमांडही याच जातीच्या आहेत. म्हणून डिस्कवर काहीही लिहिण्याआधी संगणकाला काय काय जोडलेलं आहे आणि त्यात आपल्याला हवी ती डिस्क कोणती, याची खात्री करून घ्यायलाच हवी. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते नीट केलं पाहिजे.

‘माझा पेनड्राइव्ह एसडीबी आहे’ हे वाक्य फार लोकांच्या तोंडी असतं, आणि घोळ बहुतेक वेळा तिथूनच सुरू होतो. एसडीबी ही पेनड्राइव्हची ओळख नव्हे. कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) डिस्क ज्या क्रमाने सापडतात, त्या क्रमाने ही अक्षरं वाटली जातात. आज एसडीबी असलेला पेनड्राइव्ह उद्या रीस्टार्टनंतर एसडीसी होऊ शकतो आणि एसडीबी हे नाव तुमच्या बॅकअपच्या डिस्कला मिळू शकतं. डिस्क ओळखायची ती आकार, मॉडेल आणि सीरियल नंबर यांवरून.

टाइप करण्याबद्दल आधीच सांगतो. या लेखात कमांड देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. ‘डेव्ह’ म्हणजे डी-ई-व्ही, ‘सुडो’ म्हणजे एस-यू-डी-ओ; हा शब्द पुढच्या कमांडला प्रशासकाचे अधिकार देतो. बाकी नावं अक्षरं जोडत वाचली की कळतात.

पहिली पायरी: एलएसबीएलके

टर्मिनल उघडा आणि एवढंच टाइप करा:

```
एलएसबीएलके
```

नावात ‘एलएस’ म्हणजे यादी आणि ‘बीएलके’ म्हणजे ब्लॉक डिव्हाइस. हे साधन युटिल-लिनक्स या पॅकेजमधलं आहे. उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा अशा नेहमीच्या सगळ्या डिस्ट्रोंमध्ये (लिनक्सच्या प्रकारांमध्ये) ते आधीपासूनच असतं. सुडो लागत नाही आणि ते डिस्कवर काहीही लिहीत नाही, त्यामुळे बिनधास्त चालवा.

समजा, एका जुन्या लॅपटॉपमध्ये ५०० जीबीची हार्ड डिस्क आहे, त्याला १६ जीबीचा पेनड्राइव्ह लावला आहे आणि १ टीबीची एक्स्टर्नल डिस्कही जोडलेली आहे. तेव्हा उत्तर साधारण असं येतं (एक-दोन रकाने इथे गाळले आहेत):

```
नेम        आरएम   साइझ      टाइप    माउंटपॉइंट्स
एसडीए      ०      ४६५.८जी   डिस्क
├─एसडीए१   ०      ५१२एम     पार्ट   /बूट/ईएफआय
└─एसडीए२   ०      ४६५.३जी   पार्ट   /
एसडीबी     १      १४.३जी    डिस्क
└─एसडीबी१  १      १४.३जी    पार्ट   /मीडिया/...
एसडीसी     ०      ९३१.५जी   डिस्क
└─एसडीसी१  ०      ९३१.५जी   पार्ट   /मीडिया/...
```

उबुंटूवर याच्या आधी ‘लूप’ने सुरू होणाऱ्या वीस-पंचवीस ओळी धडाधड येतात. त्या खऱ्या डिस्क नव्हेत. स्नॅप पॅकेजच्या फाइली डिस्कसारख्या माउंट केलेल्या, म्हणजे एखाद्या फोल्डरमधून वापरता येतील अशा जोडलेल्या असतात, त्यांच्या त्या ओळी असतात. कर्नलमध्ये लूप डिव्हाइसचा मुख्य क्रमांक ७ आहे, म्हणून पुढची कमांड दिली की यादी स्वच्छ होते:

```
एलएसबीएलके -ई ७
```

नावं वाचायची कशी

‘टाइप’ रकान्यात ‘डिस्क’ असेल तर ती अख्खी डिस्क, ‘पार्ट’ असेल तर तिचं पार्टिशन. एसडीबी म्हणजे पूर्ण पेनड्राइव्ह, एसडीबी१ म्हणजे त्यावरचं पहिलं पार्टिशन. हा फरक डोक्यात पक्का असू द्या. आयएसओ फाइल (इन्स्टॉल करायच्या सिस्टिमची अख्खी प्रत) लिहायची असते पूर्ण डिस्कवर, म्हणजे नावात शेवटी आकडा नको. फॉरमॅट बहुतेक वेळा पार्टिशन करायचं असतं, तिथे आकडा हवा. आयएसओ एसडीबी१ वर लिहिली की पेनड्राइव्ह सहसा बूट होत नाही आणि माणूस आयएसओ फाइललाच दोष देत बसतो.

‘एसडी’ने सुरू होणारी नावं साटा आणि यूएसबी या दोन्ही प्रकारच्या डिस्कना मिळतात, त्यामुळे निव्वळ नावावरून आतली कोणती आणि बाहेरची कोणती ते कळत नाही. नव्या लॅपटॉपमधली एनव्हीएमई एसएसडी मात्र वेगळी दिसते: एनव्हीएमई०एन१. यातलं पहिलं शून्य हा कंट्रोलरचा क्रमांक, ‘एन१’ म्हणजे त्यावरची पहिली नेमस्पेस. तिच्या पार्टिशनला एनव्हीएमई०एन१पी१ असं नाव मिळतं. मधला ‘पी’ येतो कारण डिस्कचं नाव मुळातच आकड्याने संपतं. रास्पबेरी पायचं एसडी कार्ड किंवा स्वस्त लॅपटॉपमधलं ईएमएमसी हे एमएमसीबीएलके०, एमएमसीबीएलके१ अशा नावांनी येतं आणि त्यांची पार्टिशनंही ‘पी’ लावूनच. ईएमएमसीवर ‘बूट०’, ‘बूट१’ अशा चार-चार एमबीच्या छोट्या डिस्कही दिसतात. त्यांना हात लावू नका.

एसआर० म्हणजे डीव्हीडी ड्राइव्ह. झेडरॅम० म्हणजे रॅममध्येच दाबून ठेवलेली स्वॅपची जागा, ती डिस्क नव्हे. ‘टाइप’मध्ये ‘क्रिप्ट’ किंवा ‘एलव्हीएम’ दिसलं तर ते एखाद्या पार्टिशनच्या पोटात बसलेलं एन्क्रिप्शन किंवा लॉजिकल व्हॉल्यूम असतं. झाडासारख्या रेषा बघून ते कोणत्या डिस्कवर आहे हे शोधता येतं.

आकार जुळत का नाही

डब्यावर १६ जीबी छापलेलं असतं आणि इथे १४.३ दिसतं. ५०० जीबीची डिस्क ४६५.८ दिसते, १ टीबीची ९३१.५ आणि २५६ जीबीची एसएसडी २३८.५. यात काही बिघाड नाही. डिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात. एलएसबीएलके १०२४ चा तीनदा गुणाकार करतं, म्हणजे त्याचा १ जी हा १०७,३७,४१,८२४ बाइटचा असतो. शंका असेल तर ‘-बी’ लावा, आकार सरळ बाइटमध्ये मिळेल. ५०० जीबीच्या बहुतेक हार्ड डिस्क नेमक्या ५००,१०७,८६२,०१६ बाइटच्या असतात, मग कंपनी कोणतीही असो.

ढोबळ हिशेब सोपा आहे: डब्यावरच्या जीबीला ०.९३ ने गुणा. हार्ड डिस्क आणि एसएसडीचा आकार या हिशेबाशी जवळपास जुळतो. पेनड्राइव्ह मात्र त्याहून थोडा कमीच भरतो, कारण फ्लॅशमधली काही जागा कंट्रोलर स्वतःकडे राखून ठेवतो.

पण आकाराचा हा आकडा डिस्कने स्वतः सांगितलेला असतो आणि कर्नल त्यावर विश्वास ठेवतं. स्वस्तात मिळालेला ‘२ टीबी’चा पेनड्राइव्ह एलएसबीएलकेमध्येही जवळजवळ तेवढाच दिसेल, मग आत ३२ जीबीची चिप का असेना. अशा मालाची खरी तपासणी एफ३ या साधनाने होते. ते पेनड्राइव्ह पूर्ण भरेपर्यंत फाइली लिहितं आणि पुन्हा वाचून ताडून पाहतं. वेळ लागतो, पण महत्त्वाचा डेटा ठेवण्याआधी हे करून घ्यावं असं माझं ठाम मत आहे.

दुसरी पायरी: ओळखपत्र मागा

सगळ्यात जास्त उपयोगाची कमांड ही:

```
एलएसबीएलके -डी -ओ नेम,साइझ,ट्रॅन,व्हेंडर,मॉडेल,सीरियल
```

‘-डी’मुळे फक्त पूर्ण डिस्क दिसतात, पार्टिशनं नाहीत. ‘-ओ’च्या पुढे कोणते रकाने हवेत ते लिहायचं. स्वल्पविरामानंतर जागा सोडू नका. रकान्यांची नावं म्हणजे नेहमीचे इंग्रजी शब्दच आहेत. फक्त ‘ट्रॅन’ म्हणजे ट्रान्स्पोर्ट शब्दाची पहिली चार अक्षरं.

‘ट्रॅन’ रकान्यात साटा, एनव्हीएमई किंवा यूएसबी असं स्पष्ट येतं. निम्मा प्रश्न इथेच सुटतो: पेनड्राइव्हच्या ओळीत यूएसबी असायलाच हवं. व्हेंडर आणि मॉडेलमध्ये उदाहरणार्थ ‘सॅनडिस्क’ आणि ‘क्रूझर ब्लेड’ असं दिसेल. पेनड्राइव्हच्या अंगावर काय छापलंय ते बघून पडताळा. सीरियल नंबर मात्र सहसा डिस्कपरत्वे वेगळा. एकाच कंपनीचे, एकाच आकाराचे दोन पेनड्राइव्ह एकाच वेळी लावलेले असतील तर तोच आधार. हार्ड डिस्क आणि एसएसडीच्या लेबलवर तो छापलेला असतो. घरात चार-पाच डिस्क असतील तर प्रत्येकीचे शेवटचे चार आकडे मार्करने तिच्यावरच लिहून ठेवा, पुढे फार कामाला येतात.

वरच्या यादीत ‘आरएम’ नावाचा रकाना आला होता. काढता येण्याजोगी डिस्क असेल तर तिथे १ येतो असं सगळीकडे सांगितलं जातं, आणि त्यावर विसंबून लोक फसतात. बहुतेक यूएसबी हार्ड डिस्क स्वतःला ‘पक्की’ डिस्क म्हणून सांगतात, त्यामुळे बाहेर जोडलेली असूनही तिथे शून्य येतं. वरच्या उदाहरणातली एसडीसी पाहा. आत-बाहेर ठरवायला ‘ट्रॅन’च बघा.

फिरणारी हार्ड डिस्क की एसएसडी हे पाहायचं असेल तर ‘रोटा’ हा रकाना मागा. १ म्हणजे फिरणारी, ० म्हणजे एसएसडी. यूएसबी केसमध्ये बसवलेल्या डिस्कच्या बाबतीत हा आकडा चुकू शकतो.

तिसरी पायरी: काढा, लावा, बघा

अजूनही मनात शंका असेल तर कर्नल काय बोलतंय तेच ऐका. पेनड्राइव्ह काढून ठेवा आणि ही कमांड द्या:

```
सुडो डीमेसेज -डब्ल्यू
```

‘डीमेसेज’चं स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी. काही डिस्ट्रोंमध्ये ती सुडोशिवायही चालते. आधी जुन्या संदेशांचा लोंढा येईल, मग शांत होईल. दोन-तीनदा एंटर दाबून मोकळ्या ओळी सोडा आणि आता पेनड्राइव्ह लावा. एक-दोन सेकंदांत नव्या ओळी उमटतात. आधी यूएसबी पोर्टवर नवं उपकरण आल्याची ओळ. तिच्यात ‘हाय-स्पीड’ असेल तर पेनड्राइव्ह यूएसबी २ च्या वेगाने जोडला गेलाय, ‘सुपरस्पीड’ असेल तर यूएसबी ३ च्या. मग कंपनी, मॉडेल आणि सीरियल नंबर. त्यानंतर चौकटी कंसात नाव, समजा एसडीबी, आणि त्यापुढे ३००३१८७२ ब्लॉक, प्रत्येकी ५१२ बाइटचा, म्हणजे १५.४ जीबी किंवा १४.३ जीआयबी. कर्नल दोन्ही हिशेब शेजारी-शेजारी देतं. शेवटी ‘अटॅच्ड स्कझी रिमूव्हेबल डिस्क’ अशी ओळ आली की डिस्क तयार.

यात चुकायला जागाच उरत नाही. तुमच्या हाताने जे लावलं तेच तिथे उमटलं. कंट्रोल आणि सी एकत्र दाबून बाहेर पडा. कुणाला शिकवत असाल तर हा प्रयोग त्यांच्याच हाताने करून घ्या.

डीएफवर भागत नाही

बरेच जण डिस्क बघायला डीएफ -एच वापरतात. ती कमांड फक्त माउंट झालेल्या फाइल सिस्टिम दाखवते. नवी कोरी डिस्क, फॉरमॅट न केलेली डिस्क किंवा फक्त माउंट नसलेलं पार्टिशन तिथे दिसणारच नाही. किती जागा उरली हे पाहायला डीएफ, काय जोडलंय हे पाहायला एलएसबीएलके.

कोणत्या पार्टिशनवर कोणती फाइल सिस्टिम आहे, लेबल काय, यूयूआयडी काय हे सगळं ‘एलएसबीएलके -एफ’ दाखवतं. एक्सएफएटी, एनटीएफएस, ईएक्सटी४ ही नावं तिथे येतात. आपल्या डिस्कला लेबल देऊन ठेवलं असेल, उदाहरणार्थ ‘फोटो-बॅकअप’, तर या यादीत ते वाचून सावध होता येतं. रकाना पूर्ण रिकामा असेल तर डिस्क कोरी असेलच असं नाही. काही एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर ओळखीची कोणतीच खूण नसते. ‘रिकामी दिसली म्हणून फॉरमॅट केली’ असं करू नका.

आणखी तपशील हवा असेल तर ‘सुडो एफडिस्क -एल’. यात बाइट, सेक्टर, मॉडेल आणि पार्टिशन टेबल जीपीटी आहे की डॉस हे कळतं. शेवटचा ‘-एल’ विसरून पुढे डिस्कचं नाव दिलंत तर एफडिस्क बदल करण्याच्या अवस्थेत उघडतं. घाबरायचं कारण नाही. ‘डब्ल्यू’ दाबेपर्यंत ते काहीही लिहीत नाही. ‘क्यू’ दाबून बाहेर या.

चौथी पायरी: लिहिताना कायमचं नाव वापरा

डिस्क ओळखली. आता एसडीबी हे नाव लक्षात ठेवून ते डीडीला द्यायचं, असंच बहुतेक ठिकाणी लिहिलेलं सापडतं. त्याहून चांगली वाट आहे:

```
एलएस -एल /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी/
```

इथे प्रत्येक डिस्कचं असं नाव सापडतं ज्यात प्रकार, मॉडेल आणि सीरियल नंबर गुंफलेला असतो. यूएसबी डिस्कचं नाव ‘यूएसबी-’ने सुरू होतं, साटा डिस्कचं ‘एटीए-’ने, एनव्हीएमईचं ‘एनव्हीएमई-’ने. बाणापुढे ते सध्या कोणत्या अक्षराला जोडलंय ते दिसतं. रीस्टार्ट केलं, पोर्ट बदललं, आणखी चार डिस्क लावल्या, तरी हे नाव त्याच डिस्कला चिकटून राहतं. शेवटी ‘-पार्ट१’ असेल तर ते पार्टिशनचं नाव. आयएसओ लिहायला ते घेऊ नका.

लिहिण्याआधी पेनड्राइव्हची पार्टिशनं अनमाउंट करा. कमांडचं स्पेलिंग यू-एम-ओ-यू-एन-टी, त्यात ‘यू’नंतरचा ‘एन’ नाही.

```
सुडो यूमाउंट /डेव्ह/एसडीबी१
सुडो डीडी आयएफ=मिंट.आयएसओ ओएफ=/डेव्ह/डिस्क/बाय-आयडी/यूएसबी-... बीएस=४एम कॉन्व्ह=एफसिंक,नोक्रिएट स्टेटस=प्रोग्रेस
```

‘यूएसबी-’पर्यंत टाइप करून टॅब दाबलं की उरलेलं नाव आपोआप पूर्ण होतं. टॅब दाबूनही काही आलं नाही, तर पेनड्राइव्ह लागलेला नसेल किंवा एकाहून जास्त यूएसबी डिस्क जोडलेल्या असतील; तेव्हा नावाची आणखी अक्षरं टाइप करा. ‘४एम’मधला एम मोठा हवा, आणि ‘नोक्रिएट’च्या शेवटी ई नाही: एन-ओ-सी-आर-ई-ए-टी. हा शब्द फार कमी लोक लिहितात, पण मी तो सोडत नाही. दिलेल्या नावाची डिस्क जागेवर नसेल तर डीडी त्या नावाची साधी फाइल बनवतं आणि रॅममध्ये राहणाऱ्या /डेव्ह फोल्डरमध्ये लिहीत सुटतं. पेनड्राइव्हवर एक बाइटही जात नाही. नोक्रिएट असलं की डीडी तिथेच थांबून डिस्क सापडत नसल्याचं सांगतं. एफसिंकमुळे सगळा डेटा खरोखर पेनड्राइव्हवर उतरल्याशिवाय कमांड संपत नाही.

झाल्यावर:

```
युडिस्क्ससीटीएल पॉवर-ऑफ -बी /डेव्ह/एसडीबी
```

याचं स्पेलिंग यू-डी-आय-एस-के-एस-सी-टी-एल. देण्याआधी पुन्हा एकदा एलएसबीएलके चालवून अक्षर तेच आहे ना ते बघा. नंतर यादीत पेनड्राइव्हची ओळ दिसेनाशी झाली की तो काढायला हरकत नाही.

विंडोज आणि मॅकवर

विंडोजमध्ये पॉवरशेल उघडून गेट-डिस्क द्या. क्रमांक, मॉडेल, सीरियल आणि आकार एका फटक्यात मिळतो. डिस्कपार्टमधलं ‘लिस्ट डिस्क’ही चालतं, पण त्यात मॉडेल दिसत नाही, म्हणून मी गेट-डिस्कलाच पसंती देतो. विंडोजच्या आत डब्ल्यूएसएल (तिथेच लिनक्स चालवण्याची सोय) वापरत असाल तर तिथलं एलएसबीएलके आभासी डिस्क दाखवतं, तुमचा पेनड्राइव्ह नव्हे. मॅकवर ‘डिस्कयुटिल लिस्ट’. बाहेरून जोडलेल्या डिस्कपुढे ‘एक्स्टर्नल, फिजिकल’ असं लिहिलेलं येतं.

डिस्क यादीत येतच नसेल तर

यूएसबी डिस्क असेल तर आधी एलएसयूएसबी चालवा. तिथेही नसेल तर केबल, पोर्ट किंवा वीज यांपैकी एक कारण. फोन चार्ज करणाऱ्या काही केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच. मोठी एक्स्टर्नल डिस्क हबवर लावली असेल तर ती थेट लॅपटॉपला लावून बघा. एलएसयूएसबीमध्ये दिसते पण एलएसबीएलकेमध्ये नाही, असं असेल तर ‘एलएसबीएलके -ए’ द्या. शून्य आकाराच्या डिस्क एरवी लपवल्या जातात. कार्ड रीडरमध्ये कार्ड नीट बसलेलं नसेल किंवा पेनड्राइव्हचा कंट्रोलर जिवंत पण फ्लॅश चिप मेलेली असेल, तर असं शून्य दिसतं.

लॅपटॉपमधली एनव्हीएमई एसएसडी लिनक्स इन्स्टॉलरला दिसत नसेल तर बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) साटा मोड ‘रेड’ किंवा ‘इंटेल आरएसटी’वर आहे का ते पाहा. तो ‘एएचसीआय’ केला की डिस्क दिसते. पण त्याच डिस्कवर विंडोज असेल तर घाईने बदलू नका, कारण तयारी न करता मोड बदलला की विंडोज सुरू होत नाही. आधी विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी सेटिंग करायची, मग बायोस बदलायचं, एकदा सेफ मोडमध्ये जाऊन यायचं आणि सेफ मोडची सेटिंग काढून टाकायची. विंडोजवर बिटलॉकर (डिस्कचं एन्क्रिप्शन) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी हाताशी ठेवा.

आणि डिस्क दिसते, मधेच गायब होते, डीमेसेजमध्ये ‘आय/ओ एरर’च्या ओळी येत राहतात, असं होत असेल तर आधी केबल बदलून बघा. तरीही थांबलं नाही तर फॉरमॅट, दुरुस्ती असले सगळे प्रयोग बाजूला ठेवा. सगळ्यात महत्त्वाच्या फाइली पहिल्यांदा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. त्यानंतरच ‘सुडो स्मार्टसीटीएल -ए’ला डिस्कचं नाव देऊन तिची तब्येत बघा. रीअलोकेटेड (खराब झाल्याने बदललेल्या) आणि पेंडिंग (संशयास्पद) सेक्टरचे आकडे शून्याच्या वर असतील आणि दर वेळी वाढत असतील, तर ती डिस्क कामातून काढून टाका.